फोटोचा पत्ता



न्यू जर्सीत फेब्रुवारीत बर्फ पडतो हे मला तीस-पस्तीस वर्षं माहीत होतं. पण त्या बर्फात माणसाला आपल्याच माणसाची कबर सापडत नाही, हे २००९ साली कळलं.

आमचे हे २००८ च्या फेब्रुवारीत वारले. पहिल्या वर्षदिनाला मी आणि मुलगा कबरस्तानात गेलो. इथल्या पुष्कळ कबरस्तानांत उभे दगड लावू देत नाहीत. गवत कापायचं यंत्र सरळ फिरावं म्हणून जमिनीच्या पातळीत सपाट पाटी बसवतात. उन्हाळ्यात ते हिरवंगार, स्वच्छ दिसतं. त्या दिवशी मात्र दीड फूट बर्फ होता. ना पाटी, ना रांग, ना वाट. ऑफिस बंद. मी वाकून हाताने बर्फ उकरला, तर निघाली ती कुणा दुसऱ्याच गृहस्थांची पाटी. त्यांची मनात क्षमा मागितली आणि अंदाजाने एका जागी बर्फावरच खडा ठेवून परत आलो.

रात्री इस्राएलहून, दिमोनाहून, माझ्या थोरल्या नणंदेचा फोन आला.

"दगड ठेवलास ना गं माझ्या भावाच्या डोक्याशी?"

"ठेवला वन्सं," मी म्हटलं. कुठे ठेवला ते काही सांगितलं नाही.

वन्संना दम्याचा त्रास, त्यामुळे विमानप्रवास बंद. भावाची कबर त्यांनी पाहिलेली नव्हती. फोटो पाठवले होते, पण सपाट गवताचा फोटो तो काय! कुठलंही गवत चालेल. मी जन्मभर नर्सचं काम केलं. रक्त काढलं की नळीवर तिथल्या तिथे चिठ्ठी लावायची, नाव, तारीख, वेळ. चिठ्ठी नसलेली नळी लॅबवाले घेत नाहीत. आणि घरच्या माणसाच्या शेवटच्या जागेच्या फोटोवर मात्र चिठ्ठी नाही, असं माझं झालं होतं.

मुलाला फोटोग्राफीचा नाद. त्याच्याकडे तेव्हा निकॉनचा डी-२०० कॅमेरा होता. तो म्हणाला, "आई, फोटोवर पत्ता लिहिता येतो, आपोआप." आणि त्याने एक वायर विकत आणली. तिचं नाव एमसी-३५.

मुलांनो, तुमच्या हातातल्या फोनमध्ये हे सगळं आता आतच बसवलेलं असतं, म्हणून तेव्हाची खटपट सांगते, म्हणजे आत काय चालतं ते कळेल.

जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे उपग्रह फिरत असतात. कमीत कमी २४ लागतात, आता त्याहून जास्त आहेत. पहिला १९७८ साली सोडला, आणि पूर्ण सेवा १९९५ पासून सुरू झाली. प्रत्येकाच्या पोटात अतिशय अचूक घड्याळ आहे. तो सतत सांगत असतो, "मी इथे आहे आणि आता इतके वाजले." आपल्या हातातलं यंत्र निदान चार उपग्रहांचा निरोप ऐकतं आणि कुणाचा निरोप किती उशिरा पोचला यावरून आपण कुठे उभे आहोत ते ठरवतं. सारा खेळ घड्याळाचा आहे. हे काम मुळात लष्कराचं. नागरिकांना मिळणाऱ्या निरोपात मुद्दाम चूक घालून ठेवलेली असायची, शंभर मीटरपर्यंतची. मे २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या हुकुमाने ती काढून टाकली. शंभर मीटर चूक म्हणजे कबरस्तानात भलत्याच माणसापाशी उभं राहून प्रार्थना करणं!

तर मुलाकडे गार्मिन कंपनीचं पिवळं ईट्रेक्स यंत्र होतं, मुठीत मावेल एवढं. त्याच्या पाठीला गार्मिनची वायर लावायची. तिच्या दुसऱ्या टोकाला जुन्या कॉम्प्युटरसारखा नऊ टाचण्यांचा प्लग. तो एमसी-३५ च्या एका टोकाला बसवायचा आणि तिचं दुसरं टोक कॅमेऱ्याच्या दहा टाचण्यांच्या गोल तोंडात फिरवून घट्ट करायचं. मग यंत्राला सांगायचं की "एनएमईए" भाषेत बोल. ही बोटींवरच्या यंत्रांची भाषा आहे, एकाने दुसऱ्याला आपण कुठे आहोत ते कळवण्याची. कॅमेऱ्याला तीच भाषा समजते. यंत्र दुसऱ्या भाषेवर ठेवलं, तर वायर कितीही घट्ट बसवा, कॅमेरा ढिम्म. आमचा पहिला रविवार त्यातच गेला.

सगळं जुळलं की कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर जीपीएस ही अक्षरं उमटतात. अक्षरं लुकलुकत असली तर यंत्र अजून आभाळ शोधतंय. तेव्हा काढलेल्या फोटोवर पत्ता पडत नाही. अक्षरं स्थिर झाली की फोटो काढायचा. मग चित्राबरोबरच फाईलमध्ये अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ लिहिली जाते. चित्रावर काही दिसत नाही, पोटात असतं. मुलाच्या गळ्यात कॅमेरा, पट्ट्याला रबराने बांधलेलं पिवळं यंत्र आणि मध्ये लोंबणारी वायर. मला तर तो सलाईन लावलेला पेशंट फिरायला निघाल्यासारखा दिसे.

कबरस्तानात जाण्याआधी यंत्राची परीक्षा घ्यायची म्हणून त्याच ऑगस्टमध्ये आम्ही ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्टला गेलो. मुलगा, सूनबाई, आठ वर्षांचा नातू आणि मी. कनेक्टिकट ओलांडून चार-साडेचार तासांची वाट. शेवटी खाडीवरचे दोन लांब पूल लागतात. खारं वारं आलं आणि मला रेवसचा धक्का आठवला. नातवाला म्हटलं, "तुझे पूर्वज अशाच पाण्यातून वर आले." तो म्हणाला, "कुठल्या पुलावरून?"

न्यूपोर्टला अमेरिकेतलं सर्वांत जुनं उभं असलेलं सिनेगॉग आहे, टुरो सिनेगॉग. पीटर हॅरिसन नावाच्या स्थापत्यकाराने आराखडा केला आणि १७६३ च्या डिसेंबरात हनुक्काच्या दिवसांत त्याचं उद्घाटन झालं. इथले पहिले लोक स्पेन-पोर्तुगालच्या वंशाचे, सेफार्दी पद्धतीने प्रार्थना करणारे. सामुएल स्ट्रीटवरचं आपलं शारे रहमीम सिनेगॉग १७९६ चं, म्हणजे हे त्याहून ३३ वर्षांनी मोठं. १७९० साली अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन न्यूपोर्टला आले होते. त्यानंतर त्यांनी इथल्या यहुदी मंडळींना पत्र लिहून धर्मस्वातंत्र्याची ग्वाही दिली. ते पत्र अमेरिकेत अजून मानाने वाचलं जातं.

इमारत साधी, फिक्या रंगाची, पण रस्त्याच्या ओळीत नाही, तिरकी. नातू म्हणाला, "आजी, वाकडं का बांधलं?"

म्हटलं, "वाकडं नाही रे. रस्ता वाकडा आहे, सिनेगॉग सरळ आहे." तोराचं कपाट यरुशलेमच्या दिशेला यावं म्हणून ते पूर्वेकडे तोंड करून बसवलंय. आपल्या मुंबई-कोकणात हेखाल पश्चिमेच्या भिंतीला, कारण तिथून यरुशलेम पश्चिमेला. आईचा हात धरून पश्चिमेकडे तोंड करून उभी राहणारी मी, आता पूर्वेकडे तोंड करून उभी राहते. मध्ये यरुशलेम तिथल्या तिथेच आहे, मी मात्र त्याच्या एका बाजूची दुसऱ्या बाजूला आले. मुलाने फोटो काढला आणि यंत्रातले आकडे वाचून दाखवले: ४१.४९ उत्तर, ७१.३१ पश्चिम.

मी चमकले. मुंबईचा रेखांश ७२! शाळेत भूगोलाच्या बाईंनी घोकून घेतलेला, अजून पाठ आहे. आकडा जवळजवळ तोच, फक्त तो पूर्व आणि हा पश्चिम. हा पूर्व-पश्चिमेचा फरक पुढे मला चांगलाच भोवला, ते सांगते.

सिनेगॉगपासून थोड्या अंतरावर जुनं यहुदी कबरस्तान आहे. जमीन १६७७ साली घेतलेली. फाटक बंद होतं. त्याच्या खांबांवर उलट्या धरलेल्या मशाली कोरल्या आहेत. कठड्यातून आतले दगड दिसत होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांनी न्यूपोर्ट ताब्यात घेतलं, व्यापार बसला, यहुदी कुटुंबं पांगली. पुढे एक वेळ अशी आली की गावात प्रार्थनेला दहा माणसं राहिली नाहीत. पण टुरो घराण्यातल्या भावांनी सिनेगॉगच्या आणि कबरस्तानाच्या देखभालीसाठी पैसे ठेवले, म्हणून जागा शिल्लक राहिली. १८५२ साली कवी लाँगफेलो इथे आले आणि या कबरींवर त्यांनी कविता लिहिली. माणसं गेली, पण जागा कुणाची आहे हे कुणीतरी लिहून ठेवलं, म्हणून पुढे माणसं पुन्हा येऊ शकली.

मला आपलं कोकण आठवलं. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, सगळीकडे आपली सिनेगॉगं उभी आहेत आणि माणसं दिमोना, अश्दोद, लोदला. नवगावला समुद्राजवळ, गलबत फुटून वाहून आलेल्या आपल्या पूर्वजांना पुरलं अशी परंपरा आहे. पुरुष एका ढिगाऱ्याखाली, बाया दुसऱ्या. तिथे कुणाचं नाव नाही. तरी इतक्या पिढ्या ती जागा सांगत आल्या.

घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर नकाशात टाकले, तेव्हा दोन गोष्टी शिकलो. पहिल्या वीसेक फोटोंवर पत्ताच नव्हता. मुलाने घाईत लुकलुकणाऱ्या अक्षरांवरच फोटो काढले होते. यंत्र बंद करून चालू केलं की त्याला उघड्या आभाळाखाली पाच-दहा मिनिटं शांत उभं राहू द्यावं लागतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कबरस्तानातल्या दगडांचे फोटो नकाशावर रस्त्याच्या फूटपाथवर दिसत होते. कारण यंत्र, फोटो काढणारा कुठे उभा होता ते लिहितं. समोर काय होतं ते त्याला ठाऊक नसतं.

ज्यांच्याकडे वायर नव्हती ते वेगळी युक्ती करायचे. यंत्र खिशात ठेवून वाटभर चालू ठेवायचं, म्हणजे ते कितीला कुठे होतो ते नोंदतं. घरी येऊन फोटोची वेळ आणि ती नोंद कॉम्प्युटरवर जुळवायची. मात्र कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर हवं. ताशी साठ मैलांनी गाडी चालली असेल, तर घड्याळातलं एक मिनिट म्हणजे रस्त्यावरचा एक मैल.

सप्टेंबरात, रोश हशानाच्या आधी, आम्ही कबरस्तानात गेलो. मुलाने कॅमेरा आणि यंत्र अगदी ह्यांच्या पाटीवर ठेवलं, दहा मिनिटं थांबला, अक्षरं स्थिर झाली, मग फोटो काढला. घरी येऊन मी ते आकडे एका कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवले आणि फोटोबरोबर वन्संना पोस्टाने पाठवले.

तीन आठवड्यांनी फोन. वन्संचा आवाज चढलेला.

"अगं, माझ्या भावाला कुठे नेऊन पुरलंस?"

त्यांच्या नातवाने आकडे कॉम्प्युटरवर घातले होते. पृथ्वीचा गोल फिरला आणि थांबला तो उघड्याबोडक्या डोंगरांवर, किर्गिझस्तानात! मी आकडा बरोबर लिहिला होता, पण पुढे "पश्चिम" लिहायला विसरले. कॅमेऱ्याने आपल्या फाईलमध्ये पश्चिम म्हणून नीट नोंदलं होतं, चूक माझ्या हाताची. कॉम्प्युटरला नुसता आकडा दिला की तो पूर्व समजतो. पश्चिमेसाठी मागे उणे चिन्ह द्यावं लागतं. औषधाच्या मापात दशांश चिन्ह सरकलं तर काय होतं हे जिने पन्नास वेळा नव्या मुलींना शिकवलं, तिनेच उणे चिन्ह खाल्लं. खूप हसलो दोघी. मग वन्सं एकदम गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं. निदान तिथे नाही म्हणून कळलं." दुरुस्त आकड्यांनी त्यांनी ते हिरवं मैदान वरून पाहिलं. शेजारणींनाही दाखवलं म्हणे.

यंत्राची खरी परीक्षा झाली २०१३ च्या नोव्हेंबरात. वन्संचा तो नातू लष्करातली नोकरी पुरी करून अमेरिका बघायला आला. आजीने बजावून पाठवलं होतं की आधी मामाच्या कबरीवर जा. माझ्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, मुलगा कामानिमित्त परगावी. पोरगा एकटाच गेला, फोनमध्ये माझे आकडे घालून.

तासाभराने त्याचा फोन आला. मराठी मोडकी, मध्ये हिब्रू, मध्ये इंग्रजी. "मामी-आजी, फोन म्हणतो पोचलास. पण इथे सगळी पानं आहेत. मामा-आजोबा दिसत नाही."

खरंच होतं त्याचं. उघड्या आभाळाखाली हे यंत्र साधारण पाच मीटरपर्यंत आणून सोडतं. रस्त्यावर पाच मीटर काहीच नाहीत. पण कबरस्तानात पाच मीटरच्या घेऱ्यात वीस-पंचवीस कबरी मावतात, आणि नोव्हेंबरात सगळ्यांवर मेपलच्या पानांचा थर.

मी पलंगावर पडून डोळे मिटले. "तुला मोठं मेपलचं झाड दिसतं? त्याच्या बुंध्यावर तुटलेल्या फांदीची गाठ आहे, माणसाच्या चेहऱ्यासारखी. त्या चेहऱ्याकडे पाठ करून उभा राहा. आता पाण्याच्या नळाकडे चाल. मोज. पाच पावलं. आता उजव्या हाताची पानं बाजूला कर."

पानांचा आवाज मला फोनमध्ये ऐकू आला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "नाव दिसलं."

काद्दीशला दहा माणसं लागतात. तो एकटा होता, म्हणून त्याने तेहिलीम म्हटलं. मी इकडे ऐकत होते. मग त्याने खिशातून दिमोनाच्या वाळवंटातला खडा काढून पाटीवर ठेवला. वन्संनी दिलेला. फोटो काढला, आणि त्या फोटोवर पत्ता आपोआप पडला. त्या रात्री वन्संचा फोन आला तेव्हा चार वर्षांपूर्वी बर्फावर अंदाजाने ठेवलेल्या खड्याची गोष्ट मी त्यांना सांगून टाकली. त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. तू फार पटकन 'हो' म्हणालीस."

वन्सं २०१७ साली गेल्या. ते झाड आता तिथे नाही. वादळानंतर कापलं. म्हणून मी नवा कागद केला आहे. आकडे, पश्चिम हा शब्द ठळक, फाटकापासून रांग कितवी, नळ कुठे, नळापासून किती पावलं. एक प्रत मुलाकडे, एक दिमोनाला.

आता हे सगळं फोनच करतो. वायर नको, नऊ टाचण्या नकोत. तरी वडीलधाऱ्या वाचकांसाठी तीन गोष्टी सांगते. एक, फोनच्या कॅमेऱ्याला जागा वापरायची परवानगी दिलेली आहे ना, ते नातवंडांकडून बघून घ्या. दोन, व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की त्यातला पत्ता गळून पडतो. पत्त्यासकट पाठवायचा तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. आणि मुलांनो, हीच गोष्ट उलटीही लक्षात ठेवा. घरात काढलेल्या फोटोच्या पोटात घराचा पत्ता असतो. अनोळखी माणसाला तो असा देऊ नका. तीन, जुन्या अल्बममधले फोटो स्कॅन केले तर त्यांवर कसलाच पत्ता नसतो. तो आपल्यालाच हाताने घालावा लागतो, आणि तो आपल्यालाच माहीत आहे.

माझ्याकडे एक फोटो आहे. माझी आई, दोन मावश्या आणि काही मंडळी एका खडकापाशी उभी आहेत. सगळ्यांच्या डोक्यावर पदर. मला वाटायचं कुठली तरी सहल. वन्संना दाखवला तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "अगं, हा एलियाहू हनाबीचा टप्पा. नवस फेडायला गेल्या असतील." अलिबागजवळच्या ज्या खडकावर एलियाहू हनाबींच्या रथाची खूण उमटली असं आपण मानतो, तो तो. वन्संना विचारलं नसतं, तर माझ्या नातवंडांसाठी तो नुसता एक दगड राहिला असता.

मुलांनो, शेवटी एक गंमत. आपल्या लोकांनी फोटोवर पत्ता लिहायच्या आधीपासून माणसांवरच लिहून ठेवला आहे. केहीमकर म्हणजे किहीमचे, पेणकर पेणचे, रोहेकर रोह्याचे, अष्टमकर अष्टमीचे, झिराडकर झिराडचे. तुमच्या नावाच्या मागे असा "कर" असेल, तर नकाशावर ते गाव शोधा. १८ अंश उत्तर आणि ७२ किंवा ७३ अंश पूर्व, एवढ्यात बहुतेक सापडेल. पूर्वेच्या जागी पश्चिम लिहू नका, नाहीतर जाल भलतीकडेच! आणि गाव सापडलं की आजी-आजोबांना फोन करा आणि विचारा, घर नक्की कुठे होतं, विहिरीच्या कुठल्या अंगाला, सिनेगॉगपासून किती पावलांवर. तेवढं यंत्राला सांगता येत नाही.

आणि आजी-आजोबांनो, मुलांनी विचारलं नाही तरी सांगा.